जिवंत माणसाकडे बसायला

आमच्या गावात बी.ए. झालेली मी पहिली. पहिली बाई नव्हे, पहिलं माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि सांगायला लागले की घरचे म्हणतात, "झालं हिचं सुरू." बाप खारजमिनीत भात पिकवणारा, आईला अंगठा उठवण्यापलीकडे लिहिणं ठाऊक नाही. मी मुंबईला मामाच्या खोलीत स्टोव्हशेजारी बसून अभ्यास केला, पदवी घेतली आणि बोर्ली पंचतनच्या बाजूला एका हायस्कुलात मास्तरीण झाले. मानसशास्त्र हा माझा एक विषय. त्यामुळे माणसाच्या मनात काय चालतं ते मला कळतं, असा माझा समज होता. गावाचा समज असा, की बी.ए. हा बायकांना होणारा काहीतरी विकार असावा, लग्न लांबवणारा.

आमच्या शेजारी चाचांचं घर. दोन घरांमध्ये दगडांचा एक गडगा, तोही शेळ्यांनी ठिकठिकाणी पाडलेला. चाचा सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या वंशातले. जुनं संस्थान होतं तेव्हा ते संस्थानाच्या बँडात पितळी भोंगा वाजवायचे. स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, बँडही गेला. मग चाचांनी गॅसबत्त्या दुरुस्त करायचा आणि लग्नांना भाड्यानं द्यायचा धंदा धरला. चाची वारल्या होत्या. मुलगी माझ्याच वयाची. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. मी पुढे शिकले आणि ती लग्न होऊन मुंबईला गेली.

नवरा चांगला होता, पण बोटीवर नोकरीला. सहा-सहा महिने समुद्रावर. ही खोलीत एकटी. ती दिवाळीच्या सुमारास माहेरी आली, म्हणजे नवऱ्यानं आणून सोडली, तेव्हा ती बोलत नव्हती. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. नवरा डोळे पुसत म्हणाला, "मी परत येईपर्यंत बरी करा," आणि बोटीवर गेला.

अर्थात मी लगेच गडगा ओलांडून पोचले. तिच्यासमोर बसले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे शांत आवाजात विचारलं, "तुला नेमकं काय वाटतं?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"मनात येईल ते बोल. मी ऐकतेय."

भिंत आणि ती. मी अर्धा तास ऐकलं. शेवटी मलाच झोप लागली. माझं मानसशास्त्र तिथं संपलं.

चाचांचा दर्ग्यातला धागा बांधून झाला होता, आमच्या आईच्या मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. शेवटी आम्ही तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समंजस होते. म्हणाले, "मनाचा आजार आहे. औषध देतो. पण हिला एकटी ठेवू नका. माणसांत राहू द्या."

चाचा म्हणाले, "साहेब, माणसांतूनच तर ही अशी होऊन आलीय."

परत येताना चाचा मला म्हणाले, "बेटी, शिमगा झाला की लग्नसराई. मी बत्त्या घेऊन गावोगाव फिरणार, रात्र रात्र बाहेर. हिला कुणाच्या जिवावर ठेवू? शिमग्यापर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर ठाण्याला नेऊन ठेवतो." ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नेऊन सोडलेलं माणूस परत आणायला कुणी जातं का, हेही कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "चाचा, शिमग्यापर्यंत थांबा." कशाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे. पदवीच्या असेल.

मी शाळेत जायची, चाचा दुकानात. दुपारभर तिच्याजवळ कोण असणार? तेव्हा मला सुचलं ते असं. आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की आळीतल्या बायका रोज दुपारी त्या घरी 'बसायला' जातात. डोक्यावर पदर, भिंतीला पाठ. आल्याबरोबर एकदा गळा काढायचा, मग गप्प बसायचं, मग हळूहळू भाताच्या, सुनांच्या, सुक्या बोंबलांच्या भावाच्या गोष्टी निघतात, आणि दिवे लागायच्या वेळी उठायचं. दुःखातल्या बाईला बारा दिवस कुणी एकटं म्हणून सोडत नाही. डॉक्टर सांगत होते ते हेच की!

मी आईला सांगितलं, "आय, तुम्ही बायका चाचांकडे बसायला चला."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "कोन मेला?"

"कुणी नाही मेलं."

"मंग बसायचं कशाला?"

"तिच्या मनाला बरं नाही म्हणून. हे बघ, पाय मोडतो की नाही? तसं मन मोडतं."

"मोडलं तर बांधायचं कशानं?"

पण आई मनानं चांगली. तिनं थोरल्या काकीला सांगितलं, आणि एकदा काकीला सांगितलं की गावाला सांगितलंच.

ही आमची थोरली काकी म्हणजे गळा काढण्यात पंचक्रोशीत पहिली. तिला परगावच्या मयतीलाही बोलावणं यायचं. तिचा सूर लागला की मेलेल्याशी ज्यांचं भांडण होतं तेही रडायचे. तिला मी बजावून ठेवलं, "काकी, माणूस जिवंत आहे. रडायचं नाही. नेहमीसारखं बोलायचं."

"मी काय येडी हाय?" काकी म्हणाली.

रविवार होता म्हणून मीही गेले. आई, काकी आणि आळीतल्या आणखी दोघी. काकीनं पाण्याचा तांब्या घरून भरून आणला होता, कारण चाचांच्या घरचं पाणी ती पीत नसे. माझी मैत्रीण नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. आम्ही बसलो. पदर डोक्यावर. कुणाला सुरुवात कुठून करायची ते कळेना. रडल्याशिवाय बोलणं सुरू करायची त्यांना सवयच नव्हती. काकी उसासे टाकत होती, घशाशी काहीतरी आलेलं गिळत होती. आणि मग तिला राहवलं नाही.

"अगं माझे बाय गंऽऽऽ! कशी गेलीस गंऽऽऽ! भरल्या ताटावरून उठून गेलीस गंऽऽऽ!"

झालं. बाकीच्या दोघींनी सवयीनं री ओढली. आईनंही पदर डोळ्यांना लावला. मी काकीचा पदर ओढला, चिमटा काढला. काकीनं एक डोळा उघडला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आता थांबता येत न्हाय, सूर लागलाय." पुन्हा डोळा मिटून, "सोन्यासारखा बाप मागं टाकलास गंऽऽऽ!"

भिंतीकडची मान हळूच वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"काकी," ती म्हणाली. आवाज गंजलेला. "काकी, मी हितंच हाय."

काकीनं सूर न मोडता तिला त्यातच घेतलं, "हितंच हाय म्हनते गंऽऽऽ, बापाला फसवते गंऽऽऽ!"

आणि माझी मैत्रीण हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता तिला रडू फुटलं, खरंखुरं, तेव्हा काकीनं आपला सूर टाकला, तिला कुशीत ओढलं आणि म्हणाली, "रड बाय. मी कवापासून एकटीच रडतेय." चाचा दुकानातून धावत आले. लांबून रडारड ऐकून त्यांना वाटलं, सगळं संपलं. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं, तर मुलगी काकीच्या मांडीवर आणि काकी आपल्याच तांब्यातून तिला पाणी पाजतेय. चाचा तिथंच उंबऱ्यावर बसले.

त्या दिवसापासून बसणं पक्कं झालं. रोज दुपारी कुणी ना कुणी. रडायचं नाही हा नियम काकीनं पाळला, एखाद्या दिवशी सोडून. मैत्रीण आधी नुसती ऐकायची. मग तांदूळ निवडायला लागली. मग एक दिवस काकीला म्हणाली की तुझ्या सुनेचं काही चुकत नाही, तूच खाष्ट आहेस. त्या दिवशी मी आईला म्हटलं, "सुधारतेय." काकीचा तांब्या घरीच राहायला लागला, आणि पुढे तर चाचांच्या चहात वेलदोडा कमी पडला तर ती बोलून दाखवायची.

पौष-माघ सरला तसं मुंबईचं बोलणं निघालं. थोडं थोडं, रोज एक तुकडा. नळावर ही उभी राहिली की बायका म्हणायच्या, तू शेवटी, तुझ्या हंड्यानं पाणी काळं होतं. जिन्यात पोरं मागून माकडासारखे आवाज काढायची. खोलीचं दार उघडायच्या आधी ती जिन्यातला आवाज ऐकत उभी राहायची. मग तिनं दार उघडणंच सोडलं.

ऐकून काकीनं पदर खोचला. "पानी काळं व्हतं? आन त्यांचे नवरे काय तांदळाच्या पिठाचे हायेत? मला त्या नळाशी नेऊन उभी करा. रेवदंड्यावरून लाँच हाय ना? उद्याच जाऊ!"

"एकेकीच्या झिंज्या उपटू," आई म्हणाली. माझी आई, जिनं कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही.

मैत्रीण ऐकून घेत होती. मग खाली बघत म्हणाली, "काकी, मुंबईला कशाला जाता? आता शिमगा आलाच."

ओटीवर आई रिकामंच सूप पाखडायला लागली.

कारण सगळ्यांना कळलं. आमच्या गावच्या शिमग्यात हबशाचं सोंग निघायचं. एक बाप्या तोंडाला तव्याची काजळी तेलात कालवून फासायचा, डोक्याला काथ्याचे केस, ओठांना गेरू, कमरेला कवड्या. तो दात विचकत, 'हुलू हुलू' करत घरोघर फिरायचा, पोरांच्या अंगावर धावायचा आणि प्रत्येक दारात पोस्त मागायचा. पोस्त म्हणजे शिमग्याची बक्षिसी. गाव पोट दुखेपर्यंत हसायचं.

"चाळीतली पोरं मागं लागली," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, ही परकी आहेत, आपल्या गावात असं नाही. मग एका रात्री आठवलं, आहे की. दरवर्षी आहे. आणि माझी अम्मी हसून पोस्त द्यायची."

काकीनं खोचलेला पदर हळूच सोडला.

आता खरी गोम सांगते. ते सोंग घ्यायचा मान आमच्या घराण्याचा. आधी आज्याचा, मग बापाचा, आणि आता दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा.

मी घरी आले तर दादा अंगणात बसून काथ्या पिंजत होता. चुलीवरचा तवा त्यानं आधीच खरवडून ठेवला होता.

"दादा, या वर्षी हे सोंग नको."

"का? मी आजारी हाय व्हय?"

मी समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं, समता, बंधुता, राज्यघटना, सगळं. दादा काथ्या पिंजत राहिला. म्हणाला, "बाय, सोंगाचा राग धरायचा नसतो. बाबानं केलं, आज्यानं केलं."

"आजा लंगोटी नेसायचा. तू पँट घालतोस ना?"

"मी लोकांना हसवतो. कुनाचा अपमान करत न्हाय."

"तिला हसवतोस का?"

दादानं पिंजलेला काथ्या पुन्हा पिंजायला घेतला. आई दारातून म्हणाली, "मला तर ती काजळी फुकट गेल्यासारखीच वाटते. ह्याच्या बारशाला आत्या आली, पाळण्यात डोकावली आन म्हनाली, जरा दिवा धरा, पोर कुठं हाय?"

हे खोटं नव्हतं. आमच्या घरात गोरं म्हणावं असं फक्त मांजर होतं. उन्हातान्हात चिखलात राबणारी माणसं आम्ही. दादाच्या तोंडाला काजळी फासली तरी तिची हद्द कुठं सुरू होते ते मला कधी सापडलं नाही.

काकीनं मधला मार्ग काढला. "आपन तिथं बसायला जातो का न्हाय? मंग बसायला जातो त्या घरी सोंग जात न्हाय. सुतक धरा."

"हां," दादा म्हणाला, "चाचांचं दार मी वगळतो. बाकी गाव फिरतो."

"काकी, ती जिवंत आहे! जिवंतपणी सुतक कसलं धरता? आणि दादा, तू शेजारच्या दारात नाचणार, गाव खदखदणार, आणि ती गडग्याआड बसून ऐकणार. त्यापेक्षा तिच्या दारात येऊन नाच. निदान तिचं तोंड तुला दिसेल."

शेवटचं मी रागात बोलले. दादानंही रागातच ऐकलं. "येतो," म्हणाला. "मान हाय आमचा. बघू कोन अडवतं."

शिमग्याचा दिवस उजाडला. चाचा सकाळपासून एकच बत्ती पुसत होते. त्यांची नजर मुलीवर होती, आणि मुलगी पुन्हा भिंतीजवळ. मला धडकी भरली. सगळी मेहनत पाण्यात जाणार आणि ती घालवणारा माझा सख्खा भाऊ. बायका ओटीवर येऊन बसल्या. मी पदर खोचून चाचांच्या दारासमोर आळीत उभी राहिले.

ढोल वाजवत पोरं आली. मधोमध दादा, काथ्याचे केस, गेरूचे ओठ, हुलू हुलू.

पोरं ओरडली, "मास्तरीणबाई, बाजूला व्हा. सोंग अडवायचं नसतं!"

मी भाषण पाठ केलं होतं. "बंधूंनो," मी म्हटलं.

ढोलवाल्यानं धडाधडा वाजवलं. मी थांबले, तो थांबला. "बंधूंनो!" पुन्हा ढोल. मी तोंड उघडलं की ढोल, मिटलं की शांतता. असं इतक्या वेळा झालं की पोरांना वाटलं, हेच या वर्षीचं सोंग. टाळ्या पडल्या.

आणि ढोल आपोआप थांबला. माझ्या मागे ती येऊन उभी होती. भर उजेडात, उघड्या आळीत, दिवाळीनंतर पहिल्यांदा आपणहून. दोन्ही हात तिनं ओढणीत गुंडाळले होते. ती सरळ दादासमोर गेली.

"दादा, हे कोण?"

दादाचे दात आत गेले. "हबशी."

"कोणता? अब्बा? की मी?"

"सोंग हाय ग बाय नुसतं."

"मग माझं सोंग नीट कर ना. मी हुलू हुलू कधी बोलते? तू आमच्या घरी शिरखुर्मा खाऊन वाढलास, तेव्हा कुणी हुलू हुलू केलं? माझ्यासारखं बोलून दाखव."

दादानं कमरेच्या कवड्या सावरल्या. ऊन मी म्हणत होतं. काजळीचे ओघळ त्याच्या गळ्यावरून खाली चालले होते. कुणी हसत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. आता ही कोसळणार, असं वाटलं. पण ती वळली, आत गेली आणि बाहेर आली.

"दारात आलास, तर पोस्त घे." तिच्या हातात कपडे धुवायच्या साबणाची वडी होती.

"ही कसली पोस्त?"

ओटीवरून काकी कडाडली, "पोस्त नाकारतोस? आज्यानं तरी कधी नाकारली का? घे मुकाट्यानं!"

सोंगानं मिळेल ती पोस्त घ्यायचीच, हा आमचा नियम. दादानं वडी घेतली. सगळ्यांनी मिळून त्याला चाचांच्या विहिरीवर नेलं. तेलातली काजळी ती, सुटते कशाला! साबण झाला, चुलीतली राख झाली, शेवटी काकीनं त्याच्या डोक्यावरचा काथ्या काढला आणि त्याच काथ्यानं त्याला भांडं घासावं तसं घासलं. दादा ओरडत होता. चाचा रहाट ओढून पाणी देत होते.

"गेला का रंग?" आईनं विचारलं.

मैत्रिणीनं दादाला एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं. "गेला म्हणतात," ती म्हणाली. "मला तर काही फरक दिसत नाही."

तेव्हा जो हशा झाला त्यात पहिला दादाच हसला, असं मी लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तो हसला नाही. महिनाभर माझ्याशी बोलला नाही. गावातले काही म्हातारे कितीतरी दिवस म्हणत होते, बी.ए.नं शिमगा बाटवला. म्हणू देत. हबशाचं सोंग मात्र त्यानंतर निघालं नाही. दादानं कुणाला कारण सांगितलं नाही, आणि काढा म्हणायला कुणी त्याच्याकडे गेलं नाही.

चैत्रात पहिल्या लग्नाला चाचा बत्त्या घेऊन तळे गावाला निघाले. जाताना त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, "जाऊ?" ती म्हणाली, "जा. काकी आहे." ठाण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ती एका दिवसात बरी झाली असं नाही. अजून एखादा दिवस भिंतीचा यायचा. मग आई दारातून काकीला हाक मारायची, "आज जायचं बसायला," आणि कोण मेलं ते कुणी विचारत नसे.

पुढच्या शिमग्याला ढोल आमच्याच दारात थांबला. मी बाहेर आले आणि बघते तर दादा. माझी साडी, माझी पर्स, नाकावर तारेचा चष्मा, हातात वेताची छडी. पोलीस पाटलाला त्यानं अंगणात ओणवा उभा केला होता आणि विचारत होता, "सांग, नर्मदेचा उगम कुठं? येत नाही? घरी आईबापांनी काही शिकवलं की नाही?" आणि मग पदर झटकून, मान उडवून अशी एक गिरकी घेतली, की सगळी आळी लोळली.

माझी मान अशी उडत नाही. मी शपथेवर सांगेन. मी गडग्याकडे पाहिलं. तिथं माझी मैत्रीण चढून बसली होती, शेजारी बोटीवरून आलेला नवरा, आणि ती हसून हसून मागे पडायला आली होती. काकीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"दादा, मान कुणी शिकवली रे तुला?" मी विचारलं.

"ए मुली, वर्गात प्रश्न मी विचारते," दादा म्हणाला आणि पोस्तीसाठी हात पुढे केला.

गडग्यावरून आवाज आला, "मान मीच शिकवली! आणि अजून चाल राहिलीय. दादा, चालून दाखव!"